चुन्याचा परवाना

ही गोष्ट १९४३ सालच्या भाद्रपदातली. निजामी हिशेबानं फसली सन तेराशे त्रेपन्न लागायला थोडेच दिवस उरले होते. लढाई चालू होती आणि बाजारात नीळ मिळेना झाली होती. बिदरला लागून असलेल्या मैलूरमध्ये तेव्हा सोजराबाई नावाची बाई चुन्याची गुत्तेदार, म्हणजे रंगकामाचे ठेके घेणारी, म्हणून ओळखली जायची. कागदावर मात्र गुत्तेदार होता तिचा नवरा आप्पाराव.

आप्पाराव मूळचा शेतकऱ्याच्या घरचा. भावकीत जमिनीचे तुकडे होत होत त्याच्या वाट्याला बांधच उरला, तेव्हा तो बिदरला आला, चुना विरवायला शिकला आणि हळूहळू कचेरीतून परवाना काढून गुत्ते घेऊ लागला. परवाना असल्याशिवाय मोठं काम मिळत नसे. आपल्या आळीत कुणी कुणाची भिंत पांढरी केली तर त्याला कोण विचारतंय. पण हवेली, सराई, कचेरी, बाजारातली दुकानं यांना हात लावायचा तर कागद पाहिजे. नाहीतर चपराशी यायचा आणि कुंचे-बादल्या उचलून न्यायचा.

हवेल्यांमध्ये एक अडचण असायची. बाहेरची दिवाणखान्याची बाजू गडीमाणसं रंगवत, पण आत जनान्यात परका पुरुष जाणार कसा? म्हणून आप्पारावनं लग्न झाल्यावर दोन वर्षांतच सोजराबाईच्या हातात कुंचा दिला. ती संतपूरची लेक. माहेरी सारवणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं शकुबाई, शरणम्मा अशा चारदोन बायका जमवल्या. कळीचा चुना विरवून फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक घालायचा, दुसऱ्या हाताला चिमूटभर नीळ, म्हणजे भिंतीला पिवळट झाक येत नाही. संध्याकाळी बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. मग सगळ्या जणी ओळीनं बसून करडईचं तेल चोळत आणि बेगमांच्या नकला करून हसत.

लढाई लागली तसा धंदा बसला. चुन्याच्या भट्टीला लाकूड महाग, नीळ तर सोन्याच्या मोलाची. लोक म्हणत, यंदाच्या दसऱ्याला नुसता सडा टाकू, चुन्याचं पुढल्या वर्षी बघू. आप्पारावनं वर्षभर कळ काढली आणि मग रेल्वेच्या पुलांना रंग मारणाऱ्या टोळीबरोबर वाडी जंक्शनकडं निघून गेला. जाताना म्हणाला, "परवाना माझ्या नावचा हाय, तो जागता ठेव. मी येतोच." त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. घरात सासू सत्यभामाबाई आणि सोजराबाई, दोघीच.

त्या भाद्रपदात सोजराबाईला दोन गोष्टी कळल्या, आणि त्या एकाच आठवड्यात कळाव्यात हे तिचं नशीब.

पहिली गोष्ट कचेरीतल्या मुन्शीजींनी सांगितली. म्हातारा माणूस, दाढीला मेंदी लावणारा, बोलायला गोड. सोजराबाई डोईवरचा पदर पुढं ओढून व्हरांड्याच्या पायरीशी उभी होती.

"देखो बाई," मुन्शीजी म्हणाले, "आजतक औरत के नाम पे परवाना नक्को बोलते थे. अब साहब बोले, जनाने का काम औरतांच करते, तो उनके नाम पे दे देव. तुम्हारा मरद परवानेवाला है, तुम उसकी जौजा, यानी जोरू. कागद पे लिखेंगे, सोजराबाई जौजे आप्पाराव. बस, नवाबसाब की हवेली का काम ईद के पहले पूरा करो. बेगमसाहिबा खुश, तो समझो परवाना तुम्हारा."

"आन् मालक तिकडं परमुलखात हायती, त्यांची सही?"

"जिंदा है ना? फिर सही की क्या जरूरत. हां, खुदा न करे, बेवा होती तुम, तो फिर परवाना मरद के भाईबंद को जाता."

मरदाचा भाईबंद म्हणजे अंकुशराव, आप्पारावचा चुलतभाऊ. त्याची नजर या परवान्यावर किती दिवसांची होती ते सगळ्या मैलूरला ठाऊक होतं. दोनदा तो सत्यभामाबाईंकडं येऊन बसला होता. "काकू, बाईमाणसानं गुत्ता करायचा म्हंजी आपल्या घराण्याचं नाक कापल्यागत हाय. मला द्या, मी सोजरवैनीला रोजानं ठिवतो." सत्यभामाबाईंनी त्याला ताक पाजून वाटेला लावलं होतं. "माझ्या लेकाचं हाय ते. तो आला की त्यालाच इचार," एवढंच म्हणाल्या होत्या.

सोजराबाई त्या दिवशी घरी आली ती हवेत चालल्यासारखी. आपलं नाव कागदावर. उद्या कुणी दारात येऊन 'मालक कुठं हायत' असं विचारणार नाही.

गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी रेवणप्पा आला.

रेवणप्पाची मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर चुन्याची भट्टी होती. लिंगायत माणूस, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आप्पारावचा जिवाचा मित्र. चुना आणून टाकायला येई तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच ओरडे, "अक्का, च्या हाय का नुसताच चुना?" त्या दिवशी ओरडला नाही. सत्यभामाबाई देवळात गेल्या होत्या. त्यानं गाडी लांब उभी केली, आत आला आणि विहिरीच्या कठड्यावर बसला.

"अण्णा, असं कामून बसलाव? बैल लागला का कुठं?"

"अक्का, मी वाडीजवळच्या शहाबादला गेलतो. फरशीचा चुरा आणायला." त्यानं लांब उभ्या गाडीकडं पाहिलं. "तिथं त्या टोळीचा मुकादम भेटला. आप्पा न्हाई राहिला, अक्का. पटकी झाली तंबूत. लई जण गेले. म्या स्वतः जाऊन पुरल्याली जागा बगून आलो. पुलाच्या खालच्या अंगाला हाय."

सोजराबाईनं हातातली घागर खाली ठेवली. कधी झालं, कुणी पाणी पाजलं का, काहीच विचारलं नाही. तिच्या तोंडून एकच निघालं, "आत्याबाई देवळात गेल्यात."

"म्हातारीला मी सांगू?"

तिनं मानेनंच नको म्हटलं. मग घागर बाजूला सारून बोलू लागली. मुन्शीजी काय म्हणाले, हवेलीचं काम कुठवर आलंय, जौजा कोण आणि बेवा म्हणजे विधवा कोण, सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज असा होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगतेय.

रेवणप्पा भोळा माणूस. म्हणाला, "मग काम पुरं कर की. आमच्यात सुतक न्हाई अक्का. माणूस गेला तो शिवाकडं गेला, मागं राहिलेल्यानं आपलं काम, आपला कायक सोडायचा न्हाई. महिनाभरानं सांग म्हातारीला. मेलेलं काय पळून जायलंय?"

"तुमच्यात न्हाई अण्णा. आमच्यात वरीसभर चूल सुदिक हळू पेटवतेत."

पण रडायचा क्षण तिथंच हातातून गेला. सत्यभामाबाई प्रसादाचं खोबरं पदरात बांधून आल्या. सोजराबाईनं त्यांच्या पुढ्यात पाट मांडला, भाकरी वाढली. त्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं आणि तिसऱ्या दिवशी अशक्य.

आमच्याकडं ज्या घरात माणूस गेलंय त्या घराला वर्षभर चुना लागत नाही. सण येतात, जातात, भिंती धुरकट तशाच राहतात. वाटेनं जाणाऱ्याला न सांगता कळतं. उलट गुत्तेदाराचं घर दसऱ्याआधी सगळ्यांत पहिलं पांढरं झालं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक विचारतं, काय हो, तुमच्याकडं काय झालं? अंकुशराव रोज त्या रस्त्यानं जायचा. सोजराबाईनं चुना विरवला.

सत्यभामाबाईंना काय आनंद झाला! गुडघे धरलेले, तरी पायरीवर बसून सगळं बघत राहिल्या. "सोजर, त्या कोपऱ्यात अजून एक हात दे. आप्पाला कोपरा राहिल्याला चालत न्हाई. दसऱ्याला येतोय बघ तो. माझा उजवा डोळा लवायलाय काल्पासून."

"बाईमाणसाचा डावा लवावा लागतो, आत्याबाई," शेजारची शकुबाई बादली धरून हसत म्हणाली.

"गप गं. म्हातारपणी कोणता बी चालतो."

सोजराबाई भिंतीकडं तोंड करून कुंचा मारत होती. चुन्याचे शिंतोडे डोळ्यांत गेले की पाणी येतं, त्याचं कुणी काही मनाला लावून घेत नाही. त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून किती पाणी गेलं त्याचा हिशेब नाही. शकुबाई म्हणालीसुद्धा, "अगं फडकं तर बांध तोंडाला, आंधळी व्हशील."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा हवेलीवर. रमजान चालू होता. आत जनान्यात पोरीच्या लग्नाची गडबड, शिवणं, टिपणं, अत्तराचा वास. थोरल्या बेगमसाहिबा रोज्यानं सुकलेल्या ओठांनी पलंगावर बसून देखरेख करत. एक दिवस त्या सोजराबाईला म्हणाल्या, "आप्पाराव आया क्या परदेस से? आया तो मेरे सामने लाके खडा कर. इत्ती अच्छी जोरू को छोडके पुलां रंगाता बैठा बेवकूफ." बाकीच्या हसल्या. सोजराबाईही हसली. हसताना शिडीवरचा तिचा पाय घसरला आणि शरणम्मानं तिला खालून सावरलं.

इकडं रेवणप्पाच्या मनाला चैन नव्हतं. जिवाचा मित्र परक्या मुलखात गेला, ना आपल्यापैकी कुणी मूठभर माती टाकली, ना कुणी त्याच्या नावानं घास काढला. बायकोपाशी तो म्हणाला असेल, त्यांचं त्यांच्या रीतीनं होईल तेव्हा होईल, आपण आपल्या रीतीनं करू. एका सोमवारी त्यानं भट्टी बंद ठेवली, आपल्या जंगम गुरूंना बोलावलं, पाय धुतले, तीर्थ घेतलं आणि पोटभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली. जेवणाआधी म्हणाला, "हे माझा मैलूरचा दोस्त आप्पाराव, तो लिंगैक्य झाला, त्याच्या नावानं." लिंगायत मेला की लिंगैक्य होतो, आप्पाराव मराठा गडी, तो लिंगैक्य कसा होणार? पण रेवणप्पाला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्याला वाटलं, ही गोष्ट आपल्या पंगतीतली, पंगतीतच राहील.

त्या पंगतीत गुरुपादय्या नावाचे वृद्ध जंगम होते. चार दिवसांनी ते भिक्षेला फिरत फिरत अंकुशरावच्या दारात आले. हा आप्पारावचा भाऊ हे त्यांना ठाऊक होतं. अंकुशरावनं ज्वारी वाढली. गुरुपादय्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, "अप्पा, दुःख करू नको. तुझा भाऊ पुण्यवान. त्याच्या नावची हुग्गी आम्ही गोडीनं खाल्ली." अंकुशरावनं खोदून विचारलं, तेव्हा पंगतीत रेवणप्पाकडून ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, अंकुशराव कचेरीतल्या एका चपराशाला साक्षीला घेऊन आप्पारावच्या दारात उभा राहिला. आळी गोळा झाली. हवेलीतून कुणीतरी सोजराबाईला बोलावून आणलं. ती तशीच आली, केसांवर, हातांवर चुना वाळलेला.

पांढऱ्या शुभ्र भिंतीला टेकून सत्यभामाबाई डाळ निवडत होत्या.

"काकू," अंकुशराव पायताणं काढून म्हणाला, "आप्पा गेला. पटकीनं. रेवणप्पानं त्याच्या नावानं जंगम जेवू घातले. वैनीला सगळं ठाव हाय. कचेरीला फसवायलीय ती. इचारा तिला."

सत्यभामाबाईंचा सुपावरचा हात थांबला. त्यांनी आधी अंकुशरावकडं पाहिलं. मग सुनेकडं. आईच्या नजरेला दुसऱ्याच्या तोंडानं सांगावं लागत नाही. मग त्यांनी मान वळवून मागची भिंत पाहिली. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या. आता म्हातारी हंबरडा फोडणार, मग आपण पुढं व्हायचं.

"अंकुशा," सत्यभामाबाई म्हणाल्या, "जंगमाला लोक कुणाच्या बी नावानं जेवू घालतेत. जित्याच्या बी नावानं घालतेत, आयुष्य वाढावं म्हून. त्या रेवणप्पाला काय कळतंय? चुना भाजता भाजता डोस्कं भाजलंय त्याचं."

"काकू, अवो—"

"माझा लेक जित्ता हाय. मी आय हाय का तू? माझ्या दारात दसऱ्याच्या तोंडावर अभद्र बोलू नगंस. आन् तू रं," त्या चपराशाला म्हणाल्या, "जा, सांग तुझ्या कचेरीला. आप्पारावची आय म्हन्ती, लेक पुलावर कामाला हाय." मग हाक मारली, "शके! आतला करंडा आण. माझ्या सुनेचं कुंकू घामानं पुसटलंय. लाव तिला."

सत्यभामाबाई स्वतः विधवा, त्यांच्या हाताला ते चालत नव्हतं. शकुबाई सवाशीण. तिनं करंडा आणला आणि साऱ्या आळीदेखत, चपराशादेखत, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या त्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. सोजराबाई उभी होती तशी उभी राहिली.

अंकुशराव खाली मान घालून गेला. लोक पांगले. दार लोटल्यावर सत्यभामाबाईंनी विचारलं,

"खरं व्हय?"

"व्हय, आत्याबाई."

"कवापासून ठाव हाय तुला?"

"गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिसापासून."

म्हातारीनं सूप पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाली, "मंजी कोपऱ्यात अजून एक हात दे म्हनलं म्या, तवा तुला ठाव होतं."

"व्हय."

"मला गप बसवून चुना लावून घेतलास."

सोजराबाईनं त्यांचे पाय धरले. सत्यभामाबाईंनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही पाठीवर ठेवला नाही. निवडायची राहिलेली डाळ त्यांनी निवडून पुरी केली. त्या दिवसापासून त्यांनी सुनेला 'सोजर' म्हणून हाक मारली नाही. लागेल ते मागत, देईल ते खात, पण नावानं हाक नाही.

सर्वपित्री अमावास्येला दोघींनी पानं वाढली. सासऱ्याचं नाव घेतलं, आजेसासऱ्याचं घेतलं, ज्याचं घ्यायचं होतं त्याचं घेता आलं नाही. शेजारी शकुबाईचं माजघर, भिंतीला कान. सत्यभामाबाईंनी एक पान जास्तीचं ठेवलं आणि त्यावर कुणाचंच नाव न घेता पाणी सोडलं.

ईदेला चंद्र दिसायच्या आत हवेली पुरी झाली. बेगमसाहिबांनी पडद्याआडून कचेरीत शब्द टाकला. निजामी सालाचा पहिला महिना आझूर लागला तसा मुन्शीजींनी कागद दिला. मोहर, शिक्का, आणि लफ्फेदार उर्दूत 'सोजराबाई जौजे आप्पाराव.' मुन्शीजींनी वाचून दाखवलं. त्यांच्या कानावर काही आलं नसेल असं नाही. पण 'जौजे' या शब्दावर बोट ठेवून ते एवढंच म्हणाले, "संभालके रखना, बाई. जबतक ये लफ्ज है तबतक काम है."

तेव्हा तिला कळलं की आपण महिनाभरापुरतं म्हणून जे दाबलं ते आता दरवर्षी दाबावं लागणार. बांगड्या फोडायच्या तर कागद खोटा. कागद ठेवायचा तर बांगड्या भरत राहायच्या. वटपौर्णिमेला ती वडाला दोरा गुंडाळायला जायची, संक्रांतीला वाण वाटायची, आणि कासाराच्या पुढ्यात हात धरायची तेव्हा कासारीण थट्टा करायची, "बाई, नवरा येईना तर हिरव्या कशाला भरतीस गं?" धंदा मात्र चालला. हवेल्या, कोठ्या, जनाने. पाच बायकांच्या दहा झाल्या.

सत्यभामाबाई १९४६च्या हिवाळ्यात गेल्या. शेवटी ताप चढला आणि तीन वर्षं साठवलेलं सगळं बाहेर आलं. "आप्पा रं, माझ्या सोन्या, मला टाकून कसा गेलास रं," असा टाहो त्यांनी फोडला की आळी जागी झाली. बायका म्हणाल्या, लेक परमुलखात आहे ना, आईचा जीव त्याच्यात अडकलाय. कुणी त्यांच्याबरोबर रडलं नाही, सगळ्यांनी समजूत घातली, "येईल गं, येईल." सोजराबाई उशाशी बसून होती. शेवटपर्यंत तिच्या नावाची हाक आली नाही.

मग ४८ साल आलं. आधी रझाकारांचा धुमाकूळ झाला, मग हिंदुस्थानी फौजा आल्या आणि निजामी संपली. त्या पावसाळ्याच्या अखेरीला आमच्या भागात कुठल्या घरी कोण गेलं आणि कुठल्या विहिरीत काय सापडलं, ते मी इथं लिहीत नाही. थोरल्या बेगमसाहिबा उरलेलं कुटुंब घेऊन हैदराबादेला गेल्या. हवेलीला कुलूप लागलं, आणि पुन्हा कधी तिला चुना लागला नाही. कचेरीवर नवी माणसं आली. त्यांनी जुने परवाने रद्द केले. जनाने राहिले नाहीत, तर जनान्याचा परवाना कशाला? त्या दिवाळीला बिदरात हिंदूंच्या, मुसलमानांच्या कितीतरी घरांना चुना लागला नव्हता.

सोजराबाईनं रेवणप्पाच्या बायकोला, शिवगंगेला, सोबत घेतलं, मांजरा नदीवर गेली आणि दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. पाच वर्षं उशिरा. परत आली तर आळीत कुणी विचारलं नाही. त्या वर्षी इतक्या बायकांचे हात मोकळे झाले होते की आणखी एका जोडीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढं रेवणप्पाची भट्टी सिमेंट आल्यावर विझली. तो लेकाकडं कलबुर्गीला राहिला आणि म्हातारपणी ज्याला त्याला सांगायचा, "माझ्या एका पंगतीनं एका आईचं तोंड शिवलं." गुरुपादय्यांना आपल्या हातून काय झालं ते कधी कळलं नाही, ते शांतपणे समाधिस्थ झाले. मुन्शीजी फौजा आल्या त्या आठवड्यात घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. शकुबाईला तिच्या लेकानं सोलापूरला नेलं. आपण त्या दिवशी विधवेला कुंकू लावलं हे तिला नंतर समजलं, तेव्हा ती म्हणाली, मी तर म्हातारीच्या डोळ्यांकडं बघून लावलं होतं. अंकुशराव तेलरंगाचा मोठा गुत्तेदार झाला. राज्यं बदलली, पाट्या कानडीत आल्या, त्या त्यानंच रंगवल्या. त्यानं सोजराबाईला कामावर बोलावलं, चांगल्या मनानं बोलावलं, आणि ती गेली. त्याच्या हाताखाली तिनं बारा वर्षं रोजानं चुना मारला.

ती १९७१ साली संतपूरला भावाच्या घरी वारली. भावानं तिच्या माघारी रीतीप्रमाणं वर्षभर घराला चुना लावू दिला नाही.